गुरुजी, गाव कंचं?

नवा शिक्षक एसटीतून उतरतो, तेव्हा त्याची पदवी कुणी विचारत नाही. पारावरचं एखादं म्हातारं माणूस बाजूला सरकून बसायला जागा करून देतं आणि विचारतं, “गुरुजी, गाव कंचं म्हणायचं?” माण-खटावला असं विचारतात, कृष्णाकाठी वाळवा-पलूसला असंच विचारतात, आणि जतच्या पूर्व भागात हाच प्रश्न कन्नडात येतो, “याव ऊर्री?” जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करताना हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला, त्याची गणती नाही. सुरुवातीला वाटायचं, ही गावाकडची नेहमीची चौकशी. पुढं कळलं, की गाव इथं शिक्षकाची परीक्षा घेत असतं. या माणसाला आपली बोली कळेल का? बेंदराच्या दिवशी पोरगं शाळेत का आलं नाही, हे त्याला न सांगता समजेल का? आपल्या घरचं पाणी तो पिईल का? आपल्या पोराकडं बघताना त्याला पोरगं दिसेल, की त्याची वस्ती दिसेल?

हे पुस्तक त्या प्रश्नाचं आहे. शिक्षकाचं जग आणि मुलाचं जग एकमेकांना ओळखत असेल, तर मूल जास्त शिकतं का? बोली, जात, धर्म, बाई की पुरुष हा फरक, घरचा धंदा, सणवार, ताटातलं अन्न, या सगळ्यांतून माणसाचं जग बनतं. त्यातलं किती दोघांत सारखं आहे, याला अभ्यासक सांस्कृतिक जुळणी म्हणतात. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर या बाबतीत माझं मत पक्कं झालं आहे. जुळणीचा परिणाम होतो, आणि तो हजेरीपासून गुणपत्रिकेपर्यंत दिसतो. जन्मानं जुळणी मिळाली तर वाट सोपी होते. पण ती जन्मानंच मिळते असं नाही. मुलाच्या घरापर्यंत चालत गेलेल्या शिक्षकालाही ती मिळते, आणि त्याला चालायला वेळ, बळ आणि मोकळीक देणं हे व्यवस्थेचं काम आहे.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र घेण्यामागं कारण आहे. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा काढून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. शिक्षणाच्या इतिहासात तर या दोघांना वेगळं करताच येत नाही. आणि या पट्ट्यात मुलांची जगं फार आहेत. कृष्णेच्या काठचा ऊस-हळदवाला शेतकरी, माण-आटपाडीचा मेंढ्यांमागं फिरणारा धनगर, सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी खानापूर-आटपाडीहून थेट तामिळनाडू-केरळात गेलेलं कुटुंब, जतचं कन्नड बोलणारं घर, आणि दसरा झाला की बीडहून येणारी ऊसतोडीची टोळी. एकट्या बैलांच्या सणाचं बघा. आमच्याकडं आषाढात बेंदूर. सीमेलगत ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर. बीडच्या मुलाला विचाराल तर तो श्रावण संपताना येणारा पोळा सांगेल. पाठ्यपुस्तकात मात्र एकच सण असतो आणि एकच तारीख असते. ज्याच्या अंगणात तो सण त्या तारखेला येत नाही, त्या मुलाला तो धडा दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

माझी स्वतःची चूक इथं सांगायलाच हवी, कारण या पुस्तकाची सुरुवात त्या चुकीत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी जत तालुक्यातल्या एका मराठी शाळेत होते. मुलांची घरची भाषा कन्नड. तिसरीच्या वर्गाला मी ‘आमची म्हैस’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलीनं दहाच्या जागी सतरा ओळी लिहिल्या. “आमचा म्हैस काळा आहे. तो सकाळी चार लिटर दूध देतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की तो खात नाही.” व्यायच्या आधी म्हशीची कास कशी दिसते, रेडकाला पहिलं दूध का पाजायचं, पाण्याचा टँकर कुठल्या दिवशी येतो, सगळं त्या सतरा ओळींत होतं. मी लाल पेन घेतला आणि प्रत्येक ‘आमचा’ला, प्रत्येक ‘तो’ला गोल केला. कागद गोवर आलेल्या अंगासारखा दिसायला लागला. दहापैकी मी तिला दोन गुण दिले. पुढच्या महिन्यात मी पुन्हा लिहायला सांगितलं, तेव्हा तिनं तीनच ओळी लिहिल्या. त्या बिनचूक होत्या आणि त्यांत काहीच नव्हतं.

शेजारच्या कन्नड शाळेतल्या एका गुरुजींना मी तो पहिला कागद दाखवला. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “बाई, कन्नडात म्हैस बाई नसते आणि वहीही बाई नसते. बाई-पुरुष फक्त माणसांत. उरलेलं सगळं एकाच लिंगात. या पोरीनं तुमच्या भाषेतला एक नियम अजून उचललेला नाही, एवढंच. म्हैस तिला तुमच्यापेक्षा जास्त कळते.” ते गुरुजी हुशार होते, पण माझे डोळे उघडण्याचं खरं कारण वेगळं होतं. ते त्या मुलीच्या भाषेत वाढलेले होते. मी जिथं चौदा चुका पाहिल्या, तिथं त्यांना एक चूक दिसली आणि सतरा ओळींचं ज्ञान दिसलं. जुळणी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. लाड करणं, गुण वाढवून देणं, हा तिचा अर्थ होत नाही. मुलाच्या चुकीमागचं कारण दिसणं, हा तिचा अर्थ आहे.

ही जाण आमच्या मातीत नवी नाही. ज्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच निवेदनात शिक्षकांविषयी काय लिहिलं आहे, ते मात्र फार कमी जण वाचतात. प्राथमिक शाळांतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून प्रशिक्षण देऊन तयार करावेत, असं जोतीरावांनी मांडलं. ते लोकांत मोकळेपणानं मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, सोवळ्याओवळ्याच्या समजुतीनं अंतर ठेवून बसणार नाहीत, हे त्यामागचं कारण. वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरू शकेल असा शिक्षक त्यांना हवा होता. अशा शिक्षकाला महिन्याला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस असावा, हेही त्यांनी सांगितलं, कारण पगार नसेल तर नांगर सोडून कोण येणार? अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेती आणि आरोग्याचं ज्ञान असावं, हीही त्यांची मागणी होती. म्हणजे शिक्षक कोण, त्याला पगार किती आणि तो शिकवणार काय, या तिन्ही गोष्टी त्यांनी एका दोरीत ओवल्या. सांस्कृतिक जुळणीवर आज जगभर जे लिहिलं जातं, त्याचा गाभा या निवेदनात आहे. आणि खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींच्या शाळेत उभं राहून त्यातलं दुसरं अर्धं सत्य आधीच दाखवून दिलं होतं. शिकवणारी बाई समोर दिसली, की शिकणं आपलंही आहे हे मुलींना कळतं.

पण नुसत्या जन्माच्या जुळणीवर विसंबायचं म्हटलं, तर साताऱ्यातलीच एक शाळा आपल्याला थांबवते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ सालापासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या मुलाला वर्गात बसायला वेगळं गोणपाट होतं. तहान लागली तर शिपायानं नळ उघडून द्यायचा, शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. आणि त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे ब्राह्मण मास्तर होते, जे मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्याला द्यायचे. जेवायला लांब घरी जाण्याची त्याची पायपीट त्यामुळं वाचायची. पेंडसे नावाच्या दुसऱ्या एका मास्तरांनी पावसात भिजून आलेल्या त्या मुलाला कोरडे कपडे मिळण्याची सोय केली. बाबासाहेब या दोघांना पुढं कधी विसरले नाहीत.

ही हकिकत आपण सहसा गुरूच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगतो. मला तिच्यात एक नियम दिसतो. जातीनं त्या मास्तरांची आणि त्या मुलाची जुळणी नव्हती. पण मुलाची भूक कुठं आहे, घर किती लांब आहे, हे त्या मास्तरांना माहीत होतं, आणि माहीत असल्यावर ते गप्प बसले नाहीत. गोणपाटावर बसवणारी शाळा तीच आणि भाकरी देणारी शाळाही तीच. फरक एवढाच, की एकाला मुलाची जात दिसत होती आणि दुसऱ्याला मुलाचा दिवस दिसत होता.

याच्या उलट उदाहरण वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचं आहे. अण्णाभाऊ साठे १९२० साली तिथं जन्मले. त्यांची शाळा दीड दिवसांची, हे महाराष्ट्रात लहान मुलालाही माहीत आहे. जातीपायी मिळालेल्या वागणुकीनं त्या मुलाला शाळेबाहेर काढलं. पुढं त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, लावण्या-पोवाडे रचले आणि ते फिरत्या तमाशाच्या फडापासून मुंबईच्या गिरणीपर्यंत सगळ्यांचे झाले. पण आपण त्यांच्या प्रतिभेचं कौतुक करताना दीड दिवसाला दाद द्यायला नको. त्या काळात त्यांच्यासारखी किती मुलं दीड दिवसात घरी परतली आणि परत कुणालाच दिसली नाहीत, तो हिशेब कुठल्याच शाळेच्या दाखल्यात नाही.

शाळा आणि अशा मुलांमधलं हे अंतर मिटवायला एका माणसानं सारं आयुष्य वेचलं. कुंभोजला जन्मलेले, वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या जैन घराण्यातले भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथं सत्यशोधक परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचं काम साताऱ्यात आलं आणि वसतिगृह सुरू झालं. १९२७ साली गांधीजींनी त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं. मराठा, महार, मांग, चांभार, मुसलमान, जैन, सगळ्या घरांतली मुलं तिथं एकत्र राहायची, एकत्र भाकऱ्या थापायची, एकाच पंगतीत जेवायची. पैसे संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं.

पण भाऊरावांचं शिक्षणशास्त्रातलं सर्वांत मोठं पाऊल मला वेगळंच वाटतं. वसतिगृहातल्या पोरांना शिकवणारा शिक्षक शहरातून शोधत बसण्याऐवजी त्यांनी त्या पोरांमधूनच शिक्षक घडवायला घेतले. १९३५ साली साताऱ्यात त्यांनी ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढलं. जिथं शाळाच नव्हती, अशा डोंगरदऱ्यांतल्या गावांत व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूलमधून ‘कमवा आणि शिका’ सुरू झालं. शाळेच्या बांधकामासाठी पोरं दगड फोडायची आणि त्याच शाळेत भूमिती शिकायची. ज्याच्या बापाच्या हातांना दगड फोडून घट्टे पडलेले, त्याला हा वर्ग परका वाटण्याचं कारणच नव्हतं. जोतीरावांचा नांगरवाला शिक्षक निवेदनात होता. भाऊरावांनी तो वर्गात आणून उभा केला. आज दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव शिक्षक सापडतात, त्याचं मूळ त्या बोर्डिंगच्या भाकरीत आहे.

साहित्यातही या प्रश्नाचं सर्वांत जिवंत उत्तर आमच्याच भागातून आलं. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातली माणदेशची एक धनगरवाडी, शाळा बंद पडलेली, मुलं मेंढरांमागं. तरुण मास्तर येतो तो धनगर नाही, आणि वाडीला शाळेची गरज वाटत नाही. पुस्तक उघडून तो पोरांची वाट बघत बसला असता, तर बदलीपर्यंत एकटाच बसला असता. तो वाडीची कामं करायला लागतो. कारभाऱ्याशी बोलतो, तालुक्याहून लोकांच्या वस्तू आणतो, त्यांच्या भानगडी ऐकतो, तालीम बांधायला घेतो. वाडी त्याला आपलं मानते, मग पोरं शाळेत येतात. प्रत्येक डी.एड.च्या विद्यार्थ्यानं अध्यापनशास्त्राच्या पुस्तकाआधी ही कादंबरी वाचावी, असं मला मनापासून वाटतं. जन्मानं न मिळालेली जुळणी चालत जाऊन कशी मिळवतात, हे तिच्यात पानोपान आहे. आणि दुष्काळ पडला की सगळी जुळणी कशी वाऱ्यावर जाते, हेही आहे. पोट भरण्यासाठी गाव उठलं, तर शिक्षक एकटा काय करणार?

आता अभ्यासकांकडं वळू. आमच्या अनुभवाला त्यांनी आकड्यांचा आधार दिला आहे आणि एके ठिकाणी आम्हांला सावधही केलं आहे.

अमेरिकेत टेनेसी राज्यात मुलांना आणि शिक्षकांना वर्ग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणं वाटून देणारा मोठा प्रयोग झाला होता. त्यातली माहिती तपासून थॉमस डी यांनी २००४ साली दाखवलं, की आपल्याच वंशाचा शिक्षक एक वर्ष लाभला तर वाचन आणि गणितात मुलाचं स्थान शंभरातल्या तीन-चार पायऱ्या वर सरकतं. सेथ गर्शनसन आणि सहकाऱ्यांनी पुढं असं दाखवलं, की प्राथमिकच्या पहिल्या काही वर्षांत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक भेटला, तर कृष्णवर्णीय मुलांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात जाण्याची १९ टक्क्यांनी वाढते. आपल्या देशात शेनिला रावल आणि गीता किंगडन यांनी २०१० साली उत्तर प्रदेश-बिहारच्या ग्रामीण शाळांत पाहिलं. जात, धर्म, लिंग शिक्षकाशी जुळलं, तर मुलांचे गुण वाढलेले दिसले. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांना आढळलं, की शिक्षिकेच्या वर्गात मुली जास्त शिकतात आणि मुलांचं त्यात काही नुकसान होत नाही. सावित्रीबाईंच्या कामाचा पुरावा असा दीडशेहून जास्त वर्षांनी आकड्यांत उतरला.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट शोधायला दिली. जात उघड केली नव्हती, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतली मुलं इतरांच्या बरोबरीनं कोडी सोडवत होती. मुलांची नावं आणि जाती सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या, आणि तशाच मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, कागद तोच. फक्त ‘समोरचा मला काय समजतो’ ही भीती वाढली. हजेरीपुस्तक वाचताना माझा आवाज कुणाच्या नावापाशी बदलतो, हे मी त्यानंतर स्वतःचं स्वतः ऐकायला लागले.

आता सावधगिरी. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलाची जात कशीही, नुसत्या योगायोगानं लिहून त्या त्यांनी शिक्षकांना तपासायला दिल्या. खालची मानलेली जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. पण हा भेद मुख्यतः केला तो खालच्या मानलेल्या जातींतूनच आलेल्या परीक्षकांनी. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. अपमान सोसून वर आलेला माणूस कधी कधी तीच फूटपट्टी आपल्याच माणसांवर जास्त जोरानं वापरतो, हे आपण शाळांत पाहिलेलं आहे. ‘मी शिकलो, मग तुला काय झालं?’ या वाक्यानं किती मुलांना घरी पाठवलं असेल! म्हणून जुळणीचं गणित एवढंच नाही, की जातीचा माणूस नेमला आणि काम झालं. नेमणूक ही पहिली पायरी. मुलाकडं बघण्याची दृष्टी प्रत्येक शिक्षकाला शिकावीच लागते, मग तो कुठल्याही घरातला असो. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात लुईस मॉल यांच्या गटानं शिक्षकांना मेक्सिकन मुलांच्या घरी पाठवलं, ते तक्रारी सांगायला नव्हे, शिकायला. घरातली शेती, गवंडीकाम, औषधपाणी, हिशेब, या सगळ्यात मुलं काय काय जाणतात हे शिक्षकांनी पाहिलं आणि मग त्यावर धडे रचले. प्रत्येक मूल घरून ज्ञानाची शिदोरी बांधून आणतं. वर्गात ती सोडायला लावायची की दारातच ठेवायला लावायची, एवढाच प्रश्न असतो.

आजच्या घडीला हा प्रश्न दोन ठिकाणी टोकदार झाला आहे. पहिलं ठिकाण जत. इथं जिल्हा परिषद कन्नड माध्यमाच्या शाळा चालवते, हे महाराष्ट्राचं मोठेपण आहे. पण २०२४ साली यांतल्या काही शाळांवर मराठी माध्यमातले शिक्षक नेमले गेले, अशी तक्रार सीमेच्या दोन्ही बाजूंनी झाली. बेळगाव-निपाणीच्या मराठी मुलांना मराठी शिक्षक मिळावेत म्हणून आपण मराठी माणसं पोटतिडकीनं बोलतो, आणि ते बरोबर आहे. जतच्या कन्नड मुलाला कन्नड जाणणारा शिक्षक मिळावा, हे त्याच न्यायानं बरोबर आहे. पहिलीतलं मूल ज्या भाषेत रडतं, ती भाषा शिक्षकाला कळलीच पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरच्या किंवा मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह आहे. नेमणुकीचा आदेश काढताना तो आग्रह आठवायला हवा.

दुसरं ठिकाण उसाचा फड. दसऱ्यानंतर रेठरे, साखराळे, वाळवा, यशवंतनगर, जिथं जिथं कारखान्याची चिमणी पेटते, तिथं बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाची उचल अंगावर, राहायला पाचटाची आणि प्लॅस्टिकची कोपी. शिक्षणहक्क कायद्यानं स्थलांतरित मुलांना शाळेत दाखल करून घेणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य ठरवलं आहे. नाव दाखल होतं. पण मूल वर्गात मुकं बसतं. इथं एक प्रसंग सांगते. तो या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणुका व्हायला लागल्यापासून आमच्याकडं लांबच्या जिल्ह्यांतले शिक्षक येतात. कृष्णाकाठच्या एका गावात आमच्या शाळेवर बीडच्या पाटोदा तालुक्यातला एक तरुण गुरुजी आला. गावात कुजबुज झाली. “भाषा येगळीच हाय मास्तरची.” आमची पोरं ‘पोरं’, त्याची ‘लेकरं’. बेंदूर कधी असतो, हे त्याला पोरांनी सांगितलं. मग डिसेंबर आला. शाळेपासून दीड किलोमीटरवर कोप्या पडल्या. चौथीच्या वयाची एक मुलगी आठवडाभर वर्गात येऊन शब्दही बोलली नव्हती. संध्याकाळी तो गुरुजी आणि मी कोपीवर गेलो. तिची आई चुलीपाशी होती. तिनं मान वर न करता विचारलं, “सर, तुम्ही कोण्या गावचे?” त्यानं गाव सांगितलं. बाईचा हात भाकरीवरच थांबला. तिचं माहेर तिथून दोन कोसांवर. मग बराच वेळ कुणाची विहीर आटली, कुणाची बहीण कुठं दिली, हेच चाललं. मुलगी कोपीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. गुरुजीनं सहज विचारलं, “माय, आज किती मोळ्या बांधल्या गं तुझ्या बापानं?” ती म्हणाली, “एकशेचाळीस. काल एकशेबावीस झाल्या. अठरा जास्ती.” वर्गात तिच्या वजाबाकीच्या पाटीवर मी तीन दिवस शून्य पाहत होते.

गावाच्या दृष्टीनं परका असलेला माणूस त्या कोपीच्या दृष्टीनं माहेरचा निघाला. मी पंधरा वर्षं कृष्णाकाठी घालवली होती, पण ‘मोळी’ हे वजाबाकीचं एकक होऊ शकतं, हे मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून त्या वर्गात मोळीनं आणि उसाच्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्याच्या, पेंडीनं गणित सुरू झालं. गावच्या मुलांना त्यात मजा वाटू लागली, आणि ती मुलगी त्यांना ‘पेंडीत वाढं किती’ ते शिकवू लागली. त्या गुरुजीची जुळणी जन्मानं आलेली होती. माझी त्याच्या मागं चालत जाऊन आली. मुलीच्या पाटीवर दोन्ही सारख्याच उमटल्या.

पुढच्या प्रकरणांत दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी स्वतःच्या वर्गाविषयी लिहिलं आहे. मुलांची आणि काही ठिकाणी गावांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण ओळख पटली तर मुलाला त्याचा त्रास होऊ शकतो. मेंढपाळ वस्त्या, कन्नड घरं, कोप्या, परराज्यातून परतलेली गलाईवाल्यांची मुलं, असा क्रम आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी शिक्षकानं काय बदललं आणि मुलांत काय बदललं, एवढंच आहे. जिथं काही बदललं नाही, तिथंही तसं प्रामाणिकपणे लिहिलं आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. बदलीचा आणि नेमणुकीचा कागद करताना मुलाच्या घरची भाषा हा एक रकाना धरा. आणि दर वर्षी जूनचे पहिले पंधरा दिवस शिक्षकाला माहिती भरण्याच्या कामातून सोडवा. त्या पंधरा दिवसांत तो प्रत्येक मुलाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन येईल.

त्या मुलीचं मात्र सांगायचं राहिलं. एप्रिलमध्ये टोळी परत निघाली. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं. गावी गेल्यावर ते शाळेत दाखवायचं असतं. गुरुजीनं तिचं कार्ड भरलं, सही-शिक्का घेतला. मग एक कोरा कागद घेऊन पाटोद्याकडच्या त्या न पाहिलेल्या शिक्षकासाठी चार ओळी लिहिल्या आणि कार्डाला टाचणीनं लावल्या. ‘हिला हातच्याची वजाबाकी येते, पण मोळीनं विचारा. मोठ्यानं वाचायला लाजते. धाकट्या भावाला सांभाळावं लागतं, म्हणून दुपारनंतर झोप येते, रागावू नका.’

या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण म्हणजे तशीच एक चिठ्ठी आहे. ज्या शिक्षकाच्या वर्गात उद्या ते मूल जाऊन बसेल, त्याच्यासाठी ती लिहिली आहे.